ब्राझील म्हणजे सांबा? जरा थांबा!

क्रिकेटच्या वादात निदान कुणीतरी स्कोअरकार्ड काढतो. फुटबॉलच्या वादात थेट देशाचा स्वभाव काढतात. जर्मन म्हणजे यंत्र. इटालियन म्हणजे दार लावून बसलेले. आफ्रिकन म्हणजे नुसती ताकद. इंग्रज म्हणजे चेंडू उंच भिरकावायचा आणि पुढचं देवावर सोडायचं. एकदा शिक्का बसला की पन्नास वर्षं पुसत नाही, मग मैदानात काहीही घडो. अशाच काही शिक्क्यांची ही झडती. सुरुवात घरापासून करू, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको.

"बूट नव्हते, म्हणून आपण वर्ल्ड कप खेळलो नाही"

ही गोष्ट तुम्ही किमान दोन काकांकडून ऐकली असेल. १९५० साली ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप होता, आपण पात्र ठरलो होतो, फिफा म्हणाली बूट घाला, आपण म्हणालो अनवाणीच खेळणार, आणि फिफाने दार लावून घेतलं. गोष्ट झकास आहे. तिच्यात गरिबी आहे, स्वाभिमान आहे, गोऱ्यांचा आडमुठेपणा आहे. फक्त ती तशी घडलेली नाही.

पात्र ठरलो होतो हे खरं. तेही एकही सामना न खेळता, कारण पात्रता गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली होती. ब्राझीलमध्ये आपला गट होता स्वीडन, इटली आणि पॅराग्वेचा. पण आपल्या फुटबॉल महासंघानेच कळवलं की येत नाही. संघनिवडीवरून मतभेद आहेत आणि सरावाला वेळ नाही, अशी कारणं दिली गेली. त्यात बोटीचा लांबलचक प्रवास, आणि मुख्य म्हणजे वर्ल्ड कपचं तेव्हा कुणाला फारसं अप्रूपच नव्हतं. ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व. त्या काळचे आपले दिग्गज बचावपटू शैलेन मन्ना यांनीही पुढे हेच सांगितलं.

आणि बुटांचंच म्हणाल, तर १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून १-२ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. १९५२ला हेलसिंकीच्या गारठ्यातही बऱ्याच जणांचे पाय उघडेच होते, आणि युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं. बुटांची सक्ती त्यानंतर झाली, आणि तीही आपल्याच महासंघाने केली. म्हणजे वर्ल्ड कप आधी हुकला, बूट नंतर आले. काकांच्या गोष्टीत क्रम उलटा आहे.

बूट घातल्यावर काय झालं, हे काका सांगत नाहीत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आपण चौथे आलो.

अनवाणी पायांची आणखी एक लाडकी गोष्ट म्हणजे २९ जुलै १९११. मोहन बागानच्या अकरा अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. सगळं बरोबर, फक्त अकरा नाही, दहा. सुधीर चटर्जी बूट घालून खेळत होते. पण सिनेमाच्या पोस्टरवर बूटवाला कोण घेणार?

१९५०च्याच वर्ल्ड कपची दुसरी दंतकथा इंग्रजांची. अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं, तेव्हा लंडनच्या छापखान्यांना वाटलं की तारेत चूक आहे, म्हणून त्यांनी १०-१ असं छापलं, असं मोठ्या चवीने सांगतात. असं छापलेलं वर्तमानपत्र काही कुणी दाखवत नाही. तो निकाल झाकोळला गेला त्याचं कारण आपल्या क्रिकेटवेड्या वाचकांना जास्त आवडेल. तारीख होती २९ जून १९५०. त्याच दिवशी लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर कसोटीत पहिल्यांदा हरवलं. एका दिवसात दोन नामुष्क्या. इंग्रजांनी त्यातली मोठी निवडली. तो गोल करणारा जो गेटजेन्स हा हैतीचा. न्यूयॉर्कमध्ये अकाउंटिंग शिकता शिकता तो एका हॉटेलात भांडी घासायचा. "अमेरिकनांना फुटबॉलमधलं काय कळतं" म्हणणाऱ्यांना अजून एक सांगून ठेवतो: १९३०च्या पहिल्याच वर्ल्ड कपमध्ये अमेरिका उपांत्य फेरीत होती.

"शेवटी जर्मनीच जिंकते"

बावीस जण नव्वद मिनिटं चेंडूमागे धावतात आणि शेवटी जर्मन जिंकतात, अशा अर्थाचं गॅरी लिनेकरचं वाक्य फुटबॉलमध्ये म्हणीसारखं रुळलं आहे. बिचारा १९९०च्या उपांत्य सामन्यात पेनल्टीवर हरला होता, त्याचा राग समजू शकतो. पण २०१८ला या 'यंत्रा'ला दक्षिण कोरियाने गटातूनच बाहेर काढलं, २०२२ला जपानने खिळखिळं केलं आणि पुन्हा गटातच गाशा गुंडाळायला लावला. युरो स्पर्धेत २००० आणि २००४ला तेच. वॉरंटीत बसणारं यंत्र नव्हे हे.

पेनल्टीच्या बाबतीत मात्र दरारा खरा आहे. २०२२पर्यंत वर्ल्ड कपमधले चारही शूटआउट त्यांनी जिंकले. पण मोठ्या स्पर्धेतला त्यांचा पहिला शूटआउट कुठला? १९७६च्या युरोची अंतिम लढत, बेलग्रेड. उली हेनेसने चेंडू बारवरून आभाळात धाडला, चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने अलगद चिप केला आणि जर्मनी हरली. २०१६च्या युरोत इटलीविरुद्ध म्युलर, ओझिल आणि श्वाइनश्टायगर अशा तिघांनी पेनल्टी घालवल्या, तरी जर्मनी ६-५ जिंकली, कारण इटलीने त्याहून जास्त घालवल्या.

आणि वर्ल्ड कपमध्ये चारपैकी चार हा विक्रम २०२२पर्यंत आणखी एका देशाच्या नावावर आहे: क्रोएशिया. लोकसंख्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. 'क्रोएशियन मशीन' असं कुणी म्हटल्याचं ऐकलंय?

इंग्लंडच्या पेनल्टी-शापाचंही असंच. नॉर्वेचा संशोधक गीर योर्डेट शूटआउटच्या चित्रफिती सेकंदासेकंदाने तपासत बसला. त्याला दिसलं की शिट्टी वाजल्यावर इंग्लिश खेळाडू इतर देशांपेक्षा फार कमी थांबतात. प्रसंग एकदाचा उरकून टाकायची घाई. म्हणजे शाप वगैरे काही नाही, फक्त घाई. २०१८ला त्यांनी सरावात हाच वेळ वाढवला आणि कोलंबियाला हरवलं. २०२४च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध पाचही पेनल्टी जाळ्यात. ("तरी अंतिम सामना हरले ना!" हो, हरले. पण पेनल्टीवर नाही.)

"इंग्रजांना पास द्यायला कुठे येतो"

२५ नोव्हेंबर १९५३. वेम्बली. हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं चारीमुंड्या चीत केलं. पुश्काशने चेंडू पायाच्या तळव्याने मागे ओढून बिली राइटला भलत्याच दिशेला घसरायला लावलं, ते दृश्य आजही फिरतं. युरोपीय पासिंगसमोर इंग्रजी धसमुसळेपणा उघडा पडला, असा या सामन्याचा अर्थ लावतात. गंमत अशी की सामन्यानंतर हंगेरियन महासंघाच्या अध्यक्षांनी श्रेय दिलं ते जिमी होगनला. होगन लँकेशायरचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो व्हिएन्नात अडकला, शत्रुदेशाचा नागरिक म्हणून नजरकैदेत पडला आणि पुढे बुडापेस्टला एमटीके क्लबच्या पोरांना पासिंग शिकवत बसला. १९५३च्या त्या दुपारी तो वेम्बलीच्या प्रेक्षकांतच होता. अॅस्टन व्हिलाची लहान पोरं सोबत घेऊन, खेळ कसा खेळतात ते दाखवायला.

आता आयाक्स आणि बार्सिलोना घ्या, पासिंगची दोन तीर्थक्षेत्रं. योहान क्रायफला १९६४ला आयाक्सकडून पहिला सामना खेळवणारा प्रशिक्षक विक बकिंगहॅम, लंडनचा. पुढे तोच बार्सिलोनाचाही प्रशिक्षक झाला. दोन्ही ठिकाणी त्याच्यामागून आला रायनस मिकल्स, आणि 'टोटल फुटबॉल'चं सगळं नाव मिकल्सच्या खात्यावर जमा झालं. बकिंगहॅमचं नाव कट्ट्यावर टाकून बघा, लोक राजवाडा समजतील.

लांब फटक्याचा इंग्रजी हट्ट आला कुठून? त्यामागे चार्ल्स रीप नावाचा हवाई दलातला हिशेबनीस होता. त्याने कागद-पेन्सिल घेऊन शेकडो सामने मोजले आणि जाहीर केलं की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, तेव्हा जास्त पास देणं म्हणजे वेळेचा अपव्यय. सगळे माना डोलावू लागले. पण त्याच्याच नोंदींनुसार ९० टक्क्यांहून जास्त चाली मुळातच तीन पासांच्या आत संपत होत्या. म्हणजे छोट्या चालींच्या वाट्याला यायला हवेत त्याहून कमीच गोल येत होते! आकडे बरोबर, निष्कर्ष नेमका उलटा. फुटबॉलच्या वादात आकडा घेऊन येणाऱ्याला चहा पाजा, पण वरचा भागाकार तपासा.

"इटली म्हणजे कुलूप"

ते प्रसिद्ध बचावाचं कुलूप इटलीत घडलं नाही. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान नावाच्या ऑस्ट्रियनाने ते बनवलं. इटलीत त्याला कीर्ती मिळवून देणारा इंटर मिलानचा हेलेनियो हेरेरा जन्मला ब्वेनोस आयर्समध्ये, वाढला कासाब्लांकात आणि खेळला फ्रान्समध्ये. त्याच्या 'बचावात्मक' इंटरमध्ये जाचिंतो फाकेत्ती नावाचा डावा बचावपटू होता. बचावपटू हं! त्याचे इटालियन लीगमधले गोल ५९.

२००६ला इटलीने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांच्या दहा वेगवेगळ्या खेळाडूंनी गोल केले होते. उलट २०१०चा विजेता स्पेन, ज्याच्या 'आक्रमक' पासिंगवर आपण सगळे फिदा होतो, त्याने अख्ख्या स्पर्धेत फक्त ८ गोल केले. आजवरच्या विजेत्यांमधले सगळ्यात कमी. बाद फेरीतले चारही सामने १-०. शिस्तीत कुलूप लावलं, फक्त चावी त्यांनी चेंडूच्या रूपात स्वतःकडे ठेवली.

"ब्राझीलवाले नाचत नाचत जिंकतात"

१९७०ची ब्राझील. पेले, जैर्झिन्यो, तोस्ताओ, रिव्हेलिनो. कुठल्याही सर्वोत्तम संघाच्या यादीत पहिली. कारण काय? "रक्तातच आहे त्यांच्या!"

रक्तात काय होतं ते बघू. संघाच्या तंदुरुस्तीची जबाबदारी होती क्लाउदियो कुतिन्यो या लष्करी कॅप्टनकडे. हा गृहस्थ अमेरिकेत जाऊन केनेथ कूपरला भेटून आला होता. कूपर म्हणजे बारा मिनिटांत किती धावता त्यावरून दमसास मोजणारा डॉक्टर. आपल्याकडे क्रिकेटपटूंनाही ज्याच्या चाचणीने घाम फोडला, तोच. मेक्सिकोची उंची, विरळ हवा, भरदुपारचे सामने. ब्राझीलने महिनोन्महिने शास्त्रशुद्ध तयारी केली. तंदुरुस्तीच्या पथकात कार्लोस आल्बेर्तो परेरा नावाचा तरुणही होता. १९९४ला हाच ब्राझीलचा प्रशिक्षक म्हणून वर्ल्ड कप घेऊन गेला. आता हिशेब करा: १९७०च्या स्पर्धेत ब्राझीलने १९ गोल केले, त्यातले १२ उत्तरार्धात. समोरच्याची जीभ बाहेर आली की यांचा नाच सुरू व्हायचा.

१९९४चा अंतिम सामना तर ०-० सुटला आणि पेनल्टीवर निकाल लागला. कर्णधार डुंगा, ज्याचा खेळ बघून कुणाला नाचावंसं वाटल्याचं ऐकिवात नाही.

त्याआधी १९५८ला ब्राझीलने संघासोबत चक्क मानसशास्त्रज्ञ नेला होता, जोआओ कार्व्हाल्याएस. त्याने खेळाडूंना चित्रं काढायला लावली, प्रश्न विचारले आणि अहवाल दिला: पेले अजून पोरकट आहे, गारिन्चाच्या अंगी जबाबदारी नाही, दोघांनाही खेळवू नये. प्रशिक्षक फिओलाने अहवाल नम्रपणे बाजूला ठेवला. सतरा वर्षांच्या पोरकट पेलेने सहा गोल केले, ब्राझीलने कप नेला. पेले आणि गारिन्चा एकत्र खेळलेला एकही सामना ब्राझील कधी हरली नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत तो पिवळा शर्ट. कोझिकोडपासून कोल्हापूरपर्यंत वर्ल्ड कप आला की गल्लोगल्ली दिसतो तो. १९५०पर्यंत ब्राझील पांढऱ्या कपड्यांत खेळायची. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने २-१ अशी धूळ चारल्यावर पांढरा रंगच अपशकुनी ठरला. १९५३ला एका वर्तमानपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. अट एकच: झेंड्यातले चारही रंग हवेत. जिंकला आल्दिर गार्सिया श्ली नावाचा एकोणीस वर्षांचा चित्रकार. तो उरुग्वेच्या सीमेवरच्या जाग्वारांव गावचा. आणि मनापासून पाठीराखा कुणाचा? उरुग्वेचा! ज्यांनी रडवलं त्यांच्याच चाहत्याने जगाला हा पिवळा रंग दिला.

"आफ्रिकन टीमकडे ताकद आहे हो, डोकं नाही"

२२ जून १९७४, गेल्सेनकिर्शेन. ब्राझीलला फ्रीकिक मिळाली आहे. समोर झैरेच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, खेळाडूंची भिंत. पंचाची शिट्टी वाजते. ब्राझीलवाले चेंडूकडे निघण्याआधीच भिंतीतून एक जण सुसाट पळत येतो आणि चेंडू सणसणीत लाथेने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धाडतो. ब्राझीलचे खेळाडू अवाक. पंच पिवळं कार्ड दाखवतो. समालोचकांना हसू आवरत नाही.

पुढची कित्येक दशकं ही चित्रफीत 'विनोदी क्षण' म्हणून दाखवली गेली. बघा, यांना फ्रीकिक म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही आणि निघाले वर्ल्ड कप खेळायला! तो खेळाडू होता बचावपटू म्वेपू इलुंगा. झैरेचा हा संघ काही महिन्यांपूर्वीच आफ्रिकेचा विजेता झाला होता. आफ्रिकन करंडक उचलून आलेल्या माणसाला फ्रीकिकचा नियम माहीत नसेल, हे आपण किती सहज गिळलं.

खरी हकिगत वेगळीच. झैरेचा हुकूमशहा मोबुतूने खेळाडूंवर बक्षिसांची खैरात जाहीर केली होती. जर्मनीत पोचल्यावर त्यांना कळलं की पैसे मिळणार नाहीत. युगोस्लाव्हियाविरुद्ध खेळायचंच नाही इथपर्यंत गोष्ट आली. खेळले, आणि ०-९ हरले. मग मोबुतूच्या माणसांचा निरोप आला: ब्राझीलकडून चार गोलांनी हरलात तर घरी यायची गरज नाही. ब्राझीलला पुढच्या फेरीसाठी तीन गोलांचा फरक हवा होता. सामना संपला ३-०. त्या शेवटच्या टप्प्यात, जीव मुठीत धरून, इलुंगाने तो चेंडू लाथाडला. मला नियम व्यवस्थित ठाऊक होता, असं त्याने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं. कधी म्हणाला वेळ काढायचा होता, कधी म्हणाला निषेध होता, लाल कार्ड मिळालं तर बरंच. मी तरी ती चित्रफीत आता हसत बघू शकत नाही.

हा शिक्का समालोचनातून रोज थोडा थोडा गडद होतो. २०२० साली रनरिपीट या डॅनिश संस्थेने इंग्लंड, स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या लीगमधल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. ६४३ खेळाडूंबद्दलची दोन हजारांवर विधानं. हुशारीचं कौतुक होतं तेव्हा सुमारे ६३ टक्के वेळा ते उजळ कातडीच्या खेळाडूंचं. ताकदीचा विषय निघाला की गडद वर्णाच्या खेळाडूबद्दल बोललं जाण्याची शक्यता सहा पटींहून अधिक. कुणी ठरवून केलं असेल असं नाही. तोंडाला सवय लागते.

दोन वर्षांनी कतारमध्ये मोरोक्को उपांत्य फेरीत पोचलं. तोवर त्यांच्या जाळ्यात एकच गोल गेला होता, आणि तोही त्यांनी स्वतःच मारलेला. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल सगळे रिकाम्या हाताने परतले. स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रशिक्षक वालिद रेग्रागुई रुजू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. डोकं नाही म्हणे!

"बायकांचं फुटबॉल आत्ता आत्ताचं फॅड"

२६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. डिक, कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज. प्रेक्षक ५३,०००. आत जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेर ताटकळत. डिक, कर हा प्रेस्टनचा कारखाना. महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यात आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू खेळता खेळता संघ तयार झाला.

पुढच्याच वर्षी ५ डिसेंबरला इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, आणि आपल्या अखत्यारीतली सगळी मैदानं त्यांना बंद केली. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. पश्चिम जर्मनीनेही १९५५ ते १९७० अशीच बंदी घातली होती. आधी मैदान काढून घ्यायचं आणि मग "बायकांच्या मॅचला गर्दीच कुठे असते" म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

१९७१ला मेक्सिकोत महिलांचा अनधिकृत वर्ल्ड कप झाला. अझ्टेका स्टेडियमवर अंतिम सामन्याला लाखभराहून जास्त लोक होते. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं, तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसनचे. वय वर्षं पंधरा.

"गोव्यात फुटबॉल? पोर्तुगिजांची कृपा!"

साडेचारशे वर्षांत पोर्तुगिजांनी गोव्याला पाव दिला, काजू दिला, आणखी बरंच दिलं-घेतलं. फुटबॉलचं श्रेय मात्र दिलं जातं ते फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्र्याला. १८८३ साली ते शिवोलीत आले आणि तिथल्या पोरांना चेंडूची गोडी लावली. गोव्याचं फुटबॉल म्हणजे ख्रिस्ती वाड्यांचा खेळ, हाही एक समज. गोव्याचे गाजलेले क्लब आठवा: धेंपो, साळगावकर. दोन्ही खाणमालक हिंदू घराण्यांचे. गोलपोस्टमध्ये उभे कोण? ब्रह्मानंद शंखवाळकर, भारताचे कर्णधार, अर्जुन पुरस्काराचे मानकरी.

इकडे कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, मिसळ, तांबडा-पांढरा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असेल त्या दिवशी गावात जाऊन बघा. संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. लाल मातीतल्या तालमी फुटबॉलचे संघ घेऊन उतरतात, पेठच्या पेठ गॅलरीत असते आणि संध्याकाळी पेठेत निकालावरून काय होतं ते पोलिसांना विचारा. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

फटाफट

सेल्टिक म्हणजे कॅथलिक, रेंजर्स म्हणजे प्रॉटेस्टंट? १९६७ला सेल्टिकला युरोपियन कप जिंकून देणारा जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होता. सेल्टिकचा लाडका केनी डालग्लिश लहानपणी रेंजर्सचा चाहता. भिंतीवर रेंजर्सचीच पोस्टरं.

बोका ज्युनियर्स गोदीतल्या गरिबांचा, रिव्हर प्लेट शेठजींचा? दोन्ही क्लब जन्मले ब्वेनोस आयर्सच्या एकाच बंदरी वस्तीत, ला बोकात.

आइसलँडच्या चाहत्यांची ती डोक्यावर हात नेऊन वाजवायची टाळी, वायकिंग पूर्वजांची? तिथल्या स्टयार्नन क्लबचे पाठीराखे २०१४ला स्कॉटलंडच्या मदरवेलकडून ती शिकून आले. आणि मेक्सिकन वेव्ह १९८६च्या मेक्सिकोची नाही. १९८१ला कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या बेसबॉल सामन्यात ती उठली होती.

चेंडू ज्याच्याकडे जास्त, तो जिंकणार? २०२२ला जपानने स्पेनला हरवलं तेव्हा चेंडू जपानकडे फक्त १७.७ टक्के वेळ होता. पुढच्याच सामन्यात स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास दिले, गोल शून्य, शूटआउटमध्येही शून्य.

कॉर्नर मिळाला की खुर्चीच्या कडेवर येता? ख्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली यांनी इंग्लिश लीगचा हिशेब मांडला तेव्हा पन्नासेक कॉर्नरमागे एक गोल पडत होता. अलीकडे काही संघांनी त्यावर घोटून मेहनत घेतली आहे, तरी चहा ठेवायला उठलात तरी चालेल.

पेनल्टीला जागेवर उभा राहणारा गोलकीपर आळशी? इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या. जवळजवळ ९४ टक्के वेळा गोलकीपर डावीकडे नाहीतर उजवीकडे झेपावला होता. मधेच उभा राहिला असता तर जास्त अडवल्या असत्या. पण उभा राहून गोल खाल्ला तर लोक शिव्या घालतात, झेप घेऊन खाल्ला तर टाळ्या वाजवतात. गोलकीपरला नियम कळतात, तसे प्रेक्षकही कळतात.

"फुटबॉलपटूंच्या डोक्यात हवाच असते"

इंग्लंडचा डावा बचावपटू ग्रॅम लसो 'गार्डियन' वाचायचा, त्याला जुन्या वस्तूंची आवड होती. एवढ्यावरून ड्रेसिंग रूमने आणि मग स्टेडियमांनी ठरवून टाकलं की तो समलिंगी आहे, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर घाणेरड्या घोषणांचा मारा झाला. वर्तमानपत्र वाचलं म्हणून!

ब्राझीलचा १९८२चा कर्णधार सॉक्रेटिस डॉक्टर होता. आणि डेन्मार्कच्या हॅराल्ड बोरने १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं रौप्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत डेन्मार्कने फ्रान्सला १७-१ असं लोळवलं होतं. पुढे हॅराल्डने गणितात डॉक्टरेट घेतली, तेव्हा प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला गणितज्ञांपेक्षा फुटबॉलचे चाहतेच जास्त जमले होते म्हणतात. त्याचा थोरला भाऊ नील्स गोलकीपर होता. "नील्स बोर डेन्मार्ककडून खेळला" असं ठोकून देणारेही भेटतात, पण राष्ट्रीय संघात तो कधीच नव्हता. ऑलिंपिक पदक घरात आलं ते हॅराल्डचं. नील्सला १९२२च्या नोबेलवर भागवावं लागलं.